पूल होईपर्यंत

मालिका सुरू झाली तशी
सांगलीवाडीच्या आमच्या वाचनालयात
त्या कादंबरीला मागणी आली.
तोवर तिच्या कार्डावर सात तारखा होत्या,
त्यातल्या दोन माझ्याच.

एकच प्रत. एकोणीसच्या पुरात खालच्या फळीवर होती.
आयर्विनपाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं
आणि एकशे साठपासून पुढची पानं
एकमेकांना अशी चिकटली
की सोडवायला जावं तर
जुन्या पापडासारखी मोडतात.

राहिलेल्या पानांत चंद्राक्का
मशेरी लावते, नवऱ्याला शिव्या घालते,
नाव घाटाला लागायच्या आत
उतारूंकडून पैसा मोजून घेते.
एकसष्टाव्या पानावर तिचं पोर जातं
तेव्हा लेखक एवढंच लिहितो:
त्या दिवशी दुपारपर्यंत नाव सुटली नाही.

टीव्हीवर ते पोर जायला तेरा भाग लागले.
तिथं चंद्राक्काचं लुगडं इस्त्रीचं,
स्वयंपाकघर आमच्या वाचनालयाएवढं,
कुणी काही बोललं की
सगळ्यांचे चेहरे तीन तीनदा दाखवून
वीज कडाडते,
ऐन मार्गशीर्षात.

तरी मी बघते. खोटं का बोलू?
आठ वाजले की कुकरच्या शिट्ट्या
मोजायच्या राहतात.

अडचण पुलाची आहे.
पुस्तकात पूल बांधून होतो आणि नाव बंद पडते.
मालिकेत चारशे भाग झाले, पूल काही होत नाही.
कधी इंजिनिअरला पळवून नेतात,
कधी त्याला स्वतःचं नाव आठवत नाही,
परवा तर नकाशाच जळाला.
पूल झाला तर
साबणाच्या जाहिराती कुठं लावायच्या?

दादा मगदूम. साखर कारखान्याच्या काट्यावर
छत्तीस वर्षं उसाच्या गाड्या मोजलेला माणूस.
रोज त्याच पुलावरून चालत पेपर वाचायला येतात.
म्हणाले, "बाई, मला त्र्याऐंशी सरलं.
यांचा पूल व्हईपर्यंत मी काय टिकत न्हाई.
शेवट सांगून टाका."

मी एकोणीस वर्षांची असताना वाचलेलं.
पंखा बंद केला, का कोण जाणे,
आणि सांगितलं:
पूल खुला झाला त्या रात्री
ती नाव सोडून देते,
वल्ही आत ठेवून, रिकामी.
दोर तेवढा घरी आणते,
जनावर विकलं तरी दावं ठेवून घेतात तसा.
सकाळी पुलावरून चालत पलीकडं जाते.
मध्ये कुठंच खाली बघत नाही.

दादांनी चष्मा पुसला.
"रिकामीच सोडली?"
"रिकामीच."
"रिकाम्या गाडीचंबी वजन घ्यावं लागतंय, बाई.
त्याबिगर उसाचा हिशेब लागत न्हाई."
आणि पेपर तसाच टाकून गेले.

पुढच्या बुधवारी त्यांच्याबरोबर
विहीणबाई आल्या, त्यांची जाऊ आली,
आणि ज्यांना घेऊन आला तो रिक्षावाला मुजावर
दारातच उभा राहिला, मीटर बंद करून.
मी पुन्हा सांगितलं.
तोच घाट, तोच दोर.
पण नाव सुटली तेव्हा
तिच्या टोकाला मला कंदील दिसला,
हरिपूरच्या अंगाला जाताना
बारीक बारीक होत गेलेला.
विहीणबाईंनी पदर डोळ्याला लावला.
मुजावर म्हणाला, "पुस्तकात हे असं हाय?"
मी मान हलवली. कुठल्या बाजूला, ते आठवत नाही.

सगळे गेल्यावर मी त्या चिकटलेल्या गठ्ठ्यात
स्केलपट्टी घालून बघितली.
एक कोपरा सुटून आला.
त्यावर पानाचा आकडा होता फक्त,
एकशे शहात्तर.

पायरीवर दादा अजून चपला घालत होते.
खाली मान घालूनच म्हणाले,
"गेल्या बुधवारी कंदील नव्हता."

"होता की," मी म्हटलं,
"लावला नव्हता."